युद्धगुन्ह्यांना माफी देता येते का?

प्रश्न नागपुरातूनच आलाय, एलएलएम करणाऱ्या, मूट कोर्टची म्हणजे विद्यार्थ्यांच्या सराव-खटल्याची तयारी करणाऱ्या एका मुलीचा. थोडक्यात असा: "सर, मूट कोर्टची केस आहे. एका देशात यादवी युद्ध संपताना करार झाला आणि दोन्ही बाजूंना सरसकट माफी मिळाली. तीन वर्षांनी एक कमांडर शेजारच्या देशात पकडला गेला. गावातल्या लोकांना रांगेत उभं करून मारल्याचा आरोप आहे. तो म्हणतो मला माफी मिळालीय. पुस्तकात वाचलं की युद्धगुन्ह्याला माफी चालतच नाही. माझे मामा गडचिरोलीला नोकरीला आहेत, ते म्हणतात बंदूक खाली ठेवायला लावायची तर माफी द्यावीच लागते, नाहीतर कोणी काहून येईल? मी कोणाचं ऐकू?"

आधी माझ्याबद्दल. मी लष्कराच्या जॅग शाखेत, म्हणजे कायदा खात्यात नोकरी केली, काही वर्षं कामठीच्या इन्स्टिट्यूट ऑफ मिलिटरी लॉमध्ये अधिकाऱ्यांना हाच विषय शिकवला आणि रिटायर झाल्यावर इथेच हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात वकिली करतो. माझं मत तटस्थ नाहीये, सरसकट माफीच्या मी पूर्ण विरोधात आहे. पण "माफी चालतच नाही" असं मूटमध्ये उभं राहून म्हणालीस तर समोरची टीम तुला दहा मिनिटांत पाडेल, कारण कायदा इतकं सरळ बोलत नाही.

मराठीत आपण सगळ्यालाच माफी म्हणतो. राष्ट्रपती कलम ७२ खाली फाशी रद्द करतात ती माफी, शेतकऱ्याचं कर्ज जातं ती माफी, साथीदारांविरुद्ध कोर्टात बोलतो तो माफीचा साक्षीदार. तुझ्या केसमधली माफी यातली कुठलीच नाही. ती खटल्याच्या आधीच, कायदा करून किंवा करारात कलम टाकून अख्ख्या गटाला दिली जाते, कोणी काय केलं हे कोणी तपासतच नाही. दयेच्या अर्जाच्या वेळी निदान निकाल लागलेला असतो. श्रीलंकेत २००० साली मिरुसुविलला आठ तमीळ नागरिकांना मारल्याबद्दल ज्या सैनिकाला फाशी झाली होती त्याला २०२० मध्ये राष्ट्राध्यक्षांनी सोडून दिलं, माझ्या मते फार वाईट झालं ते, पण कोणी कोणाला मारलं हे निकालपत्रात तरी राहिलं. सरसकट माफीत तेवढंही उरत नाही.

आता मुद्दा असा की माफी नेमकी कशाची. दोन देशांच्या युद्धात सैनिकाने समोरच्या सैनिकाला गोळी घातली तर तो गुन्हाच नाही, पकडला गेला तर तो युद्धकैदी, लढाई संपली की घरी. यादवी युद्धात बंडखोराला हे संरक्षण नसतं, त्याने समोरासमोरच्या चकमकीत सरकारी जवानावर गोळी झाडली तरी देशाच्या कायद्याने तो खून, वर देशाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा गुन्हा, वर बेकायदा हत्यार. म्हणजे नियम पाळून लढणारा आणि गाव जाळणारा दोघंही फासावरच जाणार, मग नियम पाळायचे कशाला? हे लक्षात घेऊनच जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या दुसऱ्या अतिरिक्त प्रोटोकॉलमध्ये, कलम ६ च्या पाचव्या परिच्छेदात लिहिलंय की लढाई संपल्यावर सत्तेतल्या लोकांनी लढ्यात भाग घेतलेल्यांना शक्य तितकी व्यापक माफी देण्याचा प्रयत्न करावा. तुझ्या मामांचं म्हणणं आंतरराष्ट्रीय कायद्यात असं छापील आहे बघ. फक्त ही माफी लढल्याबद्दलची आहे. रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीने २००५ मध्ये रूढ नियमांचा, म्हणजे करारात नसले तरी देश बंधनकारक मानून पाळतात त्या नियमांचा, मोठा अभ्यास छापला, त्यातल्या १५९ व्या नियमात हेच वाक्य येतं आणि पुढे जोडलंय की युद्धगुन्ह्यांचा संशय, आरोप किंवा शिक्षा असलेले सोडून. बंदूक उचलली याची माफी वेगळी आणि हात बांधलेल्या माणसाला मारलं याची माफी वेगळी, ही रेघ तुझ्या मेमोरियलच्या, म्हणजे लेखी युक्तिवादाच्या पहिल्या पानावर हवी.

ही रेघ काही नवी नाही. १ नोव्हेंबर १८५८ चा राणीचा जाहीरनामा शाळेत आपण सगळे शिकलो, त्यात उठावात भाग घेतलेल्यांना माफी होती, १ जानेवारीच्या आत शस्त्रं टाकून घरी जा म्हणून, पण ब्रिटिश प्रजेच्या खुनात प्रत्यक्ष सहभाग असलेले वगळून. त्याच दिवसांत तात्या टोपे नर्मदा ओलांडून नागपूरच्या बाजूला उतरले होते. एप्रिलमध्ये पकडले गेल्यावर त्यांना शिप्रीला, म्हणजे आजच्या शिवपुरीला फाशी दिली ती ब्रिटिशांविरुद्ध बंड आणि युद्ध केल्याच्या आरोपावर, म्हणजे लढल्याबद्दलच. आणि झाडांना लोकांना लटकवत गेलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांचा त्या जाहीरनाम्यात उल्लेखही नाही. म्हणून माफीचं कोणतंही कलम वाचताना कोणाला दिली याच्या आधी कोणी लिहिलं ते बघायचं. स्वतःच्याच माणसांना स्वतःच दिलेली माफी सगळ्यात कमजोर, त्यावर पुढे येतो.

करारांचं म्हणशील तर १९४९ च्या चार जिनिव्हा करारांत गंभीर उल्लंघनाबद्दल कडक कलम आहे, आरोपी कुठल्याही देशाचा असो, त्याला शोधा आणि खटला चालवा नाहीतर चालवणाऱ्याच्या हवाली करा. भारतात त्यासाठी १९६० चा जिनिव्हा कन्व्हेन्शन्स ॲक्ट आहे, पण सरकारने तक्रार केल्याशिवाय कोर्ट दखलच घेऊ शकत नाही. पण थांब, तुझी केस यादवी युद्धाची आहे ना, आणि हे गंभीर उल्लंघनाचं कलम दोन देशांमधल्या युद्धाला लागतं. यादवी युद्धाला लागतं ते चारही करारांत समान असलेलं कलम ३, आणि त्यात खटला चालवाच असं कुठे लिहिलेलं नाही. बरेच विद्यार्थी इथेच घसरतात. मग बंधन येतं कुठून, तर रूढ नियमांतून, छळविरोधी करारातून, वंशसंहाराच्या करारातून, आणि मानवाधिकार कोर्टांच्या निकालांतून. भारत दुसऱ्या प्रोटोकॉलचा सदस्य नाही, रोम कायद्याचाही नाही, म्हणून तुझ्या काल्पनिक देशांनी कशावर सही केलीय याचा तक्ता आधी कर.

आणि रोम कायदा, ज्यावर हेगचं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय उभं आहे, तो माफीबद्दल गप्प आहे. एक शब्द नाही. १९९८ ला रोममध्ये हा कायदा ठरला तेव्हा दक्षिण आफ्रिकेने सत्याच्या बदल्यात दिलेल्या माफीचं उदाहरण (त्यावर पुढे येतो) सगळ्यांच्या डोळ्यासमोर ताजं होतं आणि त्यावर एकमत झालंच नाही. गद्दाफीच्या मुलाने, सैफ अल-इस्लामने लिबियाच्या २०१५ च्या माफीच्या कायद्याचा आधार घेतला तेव्हा त्याच कोर्टाच्या अपील चेंबरने २०२० मध्ये म्हटलं की तो कायदा त्याला लागूच होत नाही, पण अशा माफीबद्दलचा आंतरराष्ट्रीय कायदा अजून घडतोय. समोरची टीम हे वाक्य नक्की आणणार. तू मार्गुश विरुद्ध क्रोएशिया घेऊन जा, युरोपीय मानवाधिकार कोर्टाचं मोठं पीठ, मे २०१४. क्रोएशियाच्या सैन्यातल्या कमांडरवर १९९१ मध्ये सर्ब नागरिकांना मारल्याचा आरोप, १९९७ मध्ये माफीखाली खटला बंद, पुढे पुन्हा खटला होऊन शिक्षा. तो म्हणाला एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला झाला. कोर्टाने मान्य केलं नाही, म्हटलं आंतरराष्ट्रीय कायद्याचा कल अशी माफी अमान्य करण्याकडे वाढतोय. पण त्याच निकालात एक दार किलकिलं ठेवलंय, समेटाची प्रक्रिया किंवा पीडितांना भरपाई असती तर कदाचित वेगळा विचार झाला असता, इथे यातलं काहीच नव्हतं. ते दार लपवू नकोस. स्वतःच दाखव आणि तुझ्या कमांडरला ते का लागू नाही ते सांग.

आता मामांच्या मुद्द्याकडे. नुसत्या माफीने शांतता येते का? सिएरा लिओन बघ. ७ जुलै १९९९ ला लोमे करार झाला, कलम ९ मध्ये बंडखोरांचा म्होरक्या फोडे सांकोहला संपूर्ण माफी. आदल्या वर्षी त्याला देशद्रोहासाठी फाशीची शिक्षा झाली होती, आता त्याला उपराष्ट्राध्यक्षाचा दर्जा आणि देशाच्या खनिजांवर नेमलेल्या आयोगाचं अध्यक्षपद. त्याच्या माणसांनी हात तोडलेली माणसं फ्रीटाऊनच्या छावण्यांत बसून रेडिओवर हे ऐकत होती. संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधीने सही करताना शेजारी लिहून ठेवलं की वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे यांना ही माफी लागू आहे असं आम्ही मानत नाही. आणि वर्षही उलटलं नाही तोच मे २००० मध्ये याच लोकांनी संयुक्त राष्ट्रांचे पाचशेच्या आसपास शांतिसैनिक धरून ठेवले. आपल्या गोरखा बटालियनचे जवान कैलाहूनला अडीच महिने वेढ्यात होते, शेवटी जुलैमध्ये ऑपरेशन खुकरी करून आपल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. त्या मिशनवरून आलेला एक अधिकारी नंतर माझ्या कोर्सला होता, क्लासमध्ये लोमेचं कलम ९ मी फळ्यावर लिहिलं तर तो उठून म्हणाला, सर, ज्यांना ही माफी मिळाली होती तेच आमच्या चौकीसमोर उभे होते. त्यानंतर ते कलम शिकवताना मला दरवेळी त्याचा चेहरा आठवतो.

पुढे २००२ मध्ये तिथे स्पेशल कोर्ट बसलं, त्याच्या कायद्याच्या कलम १० मध्ये लिहिलं की माफी आडवी येणार नाही, आणि मार्च २००४ मध्ये कॅलन आणि कमारा या आरोपींच्या अर्जावर कोर्टाने हेच सांगितलं, की एका देशाने दिलेली माफी आंतरराष्ट्रीय कोर्टाला आणि बाकी देशांना बांधत नाही. तुझी केस इथेच जिंकायची आहे, कारण तुझा कमांडर दुसऱ्या देशात पकडला गेलाय. आणि हेही कबूल कर की त्या कोर्टाने मुख्य गुन्ह्यांसाठी फक्त ९ जणांना शिक्षा दिली, त्यात लायबेरियाचा माजी राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर, ५० वर्षं. बाकी हजारो लढवय्ये घरी गेले, आणि ते मला पटतं. एवढ्यांना कोणता देश तुरुंगात ठेवणार आहे?

आपल्याकडचं उदाहरण १९७१ चं, आणि हे मला सगळ्यात जास्त छळतं. सुमारे ९३ हजार कैदी आपल्या ताब्यात, त्यातल्या १९५ जणांवर बांगलादेश युद्धगुन्ह्यांचा खटला चालवणार होता, १९७३ मध्ये त्यांनी तसा कायदाही केला. पाकिस्तान आपल्याविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, की या १९५ जणांना बांगलादेशच्या ताब्यात देऊ नका, मग वर्षाअखेर केस मागे घेतली. फेब्रुवारी १९७४ मध्ये पाकिस्तानने बांगलादेशला मान्यता दिली आणि ९ एप्रिलला दिल्लीत तिघांचा करार झाला. पाकिस्तानने म्हटलं, काही गुन्हे झाले असतील तर आम्ही त्यांचा निषेध करतो, खेद व्यक्त करतो. बांगलादेशने म्हटलं, आम्ही दयाबुद्धीने खटले चालवत नाही. १९५ जण घरी गेले. त्याआधी नोव्हेंबर १९७३ मध्ये मुजीबनी पाकिस्तानी सैन्याच्या देशातल्या साथीदारांना माफी दिली तेव्हा खून, बलात्कार, जाळपोळीचे आरोप असलेले वगळले होते, म्हणजे रेघ त्यांना नक्की माहीत होती, फक्त ती ताकदवानांसाठी ओढता आली नाही. आणि हे तर दोन देशांमधलं युद्ध होतं, शोधा आणि खटला चालवा हे बंधन सरळ लागू होतं, आपल्यालाही. कामठीच्या क्लासमध्ये दरवर्षी कोणीतरी म्हणायचं की सर, तेव्हा दुसरा इलाज काय होता, पाकिस्तानात लाखो बंगाली अडकलेले होते, मान्यता हवी होती. बरोबर आहे, दबाव खरा होता. तरी मी म्हणतो की त्या बदल्यात निदान सत्य मागता आलं असतं. कोणत्या युनिटने कोणत्या गावात काय केलं याची एक यादी, एक कबुलीजबाब, काहीही मागितलं गेलं नाही. एका खेदाच्या वाक्यावर मिटवलं, आणि ज्या बायकांवर ते सगळं गुदरलं त्यांना कोणी विचारलंही नाही.

आता सत्याच्या बदल्यात माफी, हे आपल्या कोर्टात रोजचं आहे. माफीचा साक्षीदार, पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं (सीआरपीसी) कलम ३०६, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (बीएनएसएस) ३४३. सगळं खरं, पूर्ण सांग, मग तुला माफी, आणि लपवलंस तर ३४५ खाली पुन्हा आरोपी. वर्णभेदाची राजवट संपल्यावर दक्षिण आफ्रिकेने १९९५ च्या कायद्यात जवळपास हाच सौदा अख्ख्या देशासाठी केला. प्रत्येकाने स्वतःच्या नावाने अर्ज करायचा, लोकांसमोर सगळं कबूल करायचं, कृत्य राजकीय उद्देशाने होतं हे दाखवायचं. अर्ज आले ७,११२ आणि माफी मिळाली ८४९ जणांना. वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या स्टीव्ह बिकोच्या कोठडीतल्या मृत्यूतल्या पोलिसांना नाकारली, कारण ते म्हणत राहिले की तो अपघात होता, आणि गुन्हा कबूलच नाही तर माफी कशाची द्यायची. बिकोच्या घरच्यांनी आणि आझापो या राजकीय संघटनेने हा कायदाच कोर्टात आव्हानला होता, १९९६ मध्ये घटना न्यायालयाने तो टिकवला, पण कोणी तो निकाल आनंदाने लिहिलेला वाटत नाही. आणि सौद्याची दुसरी बाजू दक्षिण आफ्रिकेने पाळली नाही. ज्यांना माफी मिळाली नाही त्यांच्यावर खटले व्हायला हवे होते, माफीचं काम बघणाऱ्या सत्य आणि समेट आयोगाने तीनशेच्या आसपास केसेस सरकारी वकिलांकडे दिल्या आणि त्यातल्या बहुतेक वर्षानुवर्षं पडून राहिल्या. ३४५ ची भीती नसेल तर ३४३ खाली कोण खरं बोलेल?

लॅटिन अमेरिकेत स्वतःला दिलेल्या माफीचं काय झालं ते पटकन सांगतो. २००१ मध्ये आंतर-अमेरिकी मानवाधिकार कोर्टाने पेरूच्या बार्रिओस आल्तोस केसमध्ये ती निरर्थक ठरवली. अर्जेंटिनाच्या सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये त्यांचे माफीचे कायदे रद्द केले आणि म्हातारे झालेले जनरल तुरुंगात गेले. उरुग्वेत लोकांनी दोनदा सार्वमतात माफी टिकवली होती, तरी २०११ मध्ये आंतर-अमेरिकी कोर्टाने म्हटलं की बहुमताने पीडितांचा न्यायाचा हक्क काढून घेता येत नाही. मला सगळ्यात शहाणी वाट कोलंबियाची वाटते. फार्क या बंडखोर संघटनेशी झालेल्या २०१६ च्या करारानंतर बंड केल्याबद्दल माफी दिली, युद्धगुन्हे वगळले, आणि त्यांच्यासाठी वेगळं कोर्ट नेमलं. तिथे खरं कबूल केलं तर ५ ते ८ वर्षांची तुरुंगाबाहेरची शिक्षा, भूसुरुंग काढणं वगैरे कामासह, आणि नाकारत राहून दोषी ठरलात तर २० वर्षांपर्यंत तुरुंग. सप्टेंबर २०२५ मध्ये अपहरणांसाठी फार्कच्या माजी नेत्यांना पहिली शिक्षा झाली, आठ वर्षं. पीडितांपैकी अनेकांना ती कमी वाटली आणि मला त्यांचं चूक वाटत नाही. तरीही ते म्होरके समोर बसून, ज्यांना साखळीने बांधून ठेवलं होतं त्यांच्या प्रश्नांना उत्तरं देत होते, हे दिल्लीतल्या १९७४ च्या त्या एका वाक्यापेक्षा कितीतरी जास्त आहे.

एका केसवर माझं मत अजून पक्कं होत नाही. युगांडाचा थॉमस क्वोयेलो. शाळेत जाताना बारा-तेरा वर्षांचा असताना त्याला बंडखोरांनी पळवून नेलं आणि लढवय्या बनवलं. २००० च्या माफीच्या कायद्याखाली हजारो जण सुटले, त्याच्यापेक्षा वरचे कमांडरही. २००९ मध्ये तो पकडला गेला, माफी मागितली, घटना न्यायालय म्हणालं मिळायला हवी, २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने फिरवलं, आणि २०२४ मध्ये ४४ गुन्ह्यांत दोषी ठरून ४० वर्षं शिक्षा. गुन्हे भयंकर होते, खटला व्हायला हवा होता असंच माझं डोकं सांगतं. पण स्वतः पळवलेलं पोर, आणि निकालाआधी पंधरा वर्षं आत, याला मी सरळ न्याय म्हणू शकत नाही.

मोझांबिकही लक्षात ठेव, समोरची टीम आणेल. १९९२ मध्ये यादवी युद्ध संपवणारा करार झाला, पाठोपाठ सरसकट माफी, एकही खटला नाही, आणि वीस वर्षं शांतता टिकली. म्हणून माफी दिली की युद्ध परत पेटतंच असा दावा करू नकोस. तुला फक्त इतकंच सिद्ध करायचंय की एका देशाची राजकीय निवड दुसऱ्या देशाच्या कोर्टाला बांधत नाही. शेजारच्या नेपाळचा दाखलाही घाल, २०१४ च्या कायद्यातली गंभीर गुन्ह्यांना माफीची तरतूद त्यांच्या सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०१५ मध्ये रद्द केली. ते कोर्ट हेगचं नाही, तिथल्याच माणसांचं आहे, म्हणून मला तो निकाल जास्त मोलाचा वाटतो.

मामांना सांग, गडचिरोलीत जे होतं ती या अर्थाची माफीच नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता भूपती साठ-एक जणांना घेऊन शरण आला, पेपरात सगळीकडे फोटो होते. आत्मसमर्पण योजनेत पैसे, घर, पुनर्वसन मिळतं, पण त्याने गुन्हा आपोआप पुसला जात नाही. केस मागे घ्यायची तर सरकारी वकिलाला बीएनएसएस ३६० खाली कोर्टाची परवानगी लागते आणि न्यायाधीश ती नाकारू शकतो. शिवाय भारत सरकार याला सशस्त्र संघर्ष मानतच नाही, कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न मानतं, त्यामुळे हे उदाहरण मूटमध्ये नेऊ नकोस. घरी बोलायला मात्र चांगलं आहे, कारण तिथेही रेघ तीच. जंगलात गेला म्हणून कोणाला आयुष्यभर सडवू नये, पण खबऱ्या समजून ज्याच्या बापाला घरातून ओढून नेऊन मारलं, त्या पोराला निदान कोणी मारलं आणि का हे कळायला हवं, आणि ते विचारायची जागा कोर्टाशिवाय कुठे आहे मला माहीत नाही.

मेमोरियलमध्ये क्रम असा ठेव: आधी कृत्य कोणतं, मग संघर्ष कोणत्या प्रकारचा, मग दोन्ही देशांनी केलेले करार, मग माफी कोणी दिली आणि त्या बदल्यात काय मागितलं, आणि शेवटी परदेशी कोर्टावर तिचा परिणाम. करारावर सह्या कोणाच्या होत्या तेही केसच्या कागदात नीट शोध, त्या गावातलं कोणी तिथे होतं का. नसेल तर मार्गुशमधलं ते किलकिलं दार तुझ्या कमांडरसाठी बंद आहे. ड्राफ्ट झाला की पाठव, रविवारी सकाळी वाचून ठेवतो.